आय सेव्हन आणि ८ जीबी, की आय फाइव्ह आणि १६ जीबी? (बजेट मोहोरावर)

देवगडचो_बापू | १२ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

घरात एक लॅपटॉप आहे २०१७ सालचा, आय थ्री सातव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि ती गोल फिरणारी हार्ड डिस्क. चालू करून चहा ठेवला तर चहा गाळून होतो तरी ह्याचं स्वागत संपलेलं नसतं. ऑक्टोबरपासून विंडोज १० ची अपडेटं बंद झाली आणि ११ ह्याच्यावर चढत नाही, प्रोसेसर जुना म्हणून. मुलगी कणकवलीला बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला ह्या सेमिस्टरला जावा आणि पुढे अँड्रॉइडचं काहीतरी आहे. मला बागेचा हिशोब, पेट्यांची बिलं, टॅली, सीझनला व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी. म्हणजे मशीन एक, गिऱ्हाइकं दोन.

काल कुडाळला जाऊन आलो. दुकानदाराने तीन दाखवले. पहिला आय७-१३५५यू, ८ जीबी, ५८ हजार. दुसरा आय५-१३४२०एच, १६ जीबी, ६० हजार. तिसरा रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी, ४३ हजार. तिघांनाही ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे ती न फिरणारी झटपट डिस्क. दुकानदार म्हणतो काका आय सेव्हन घ्या, विषय संपला, रॅम काय कधीही टाकता येते. लेक म्हणते १६ पाहिजेच. बायको म्हणते ४३ वाला दिसायला तिघांत चांगला आहे.

माझं बजेट ५५. यंदा मोहोर बरा आलाय पण तुडतुडाही आलाय, फवारणीवर किती जातायत त्यावर ५ हजार इकडेतिकडे. काय घेऊ? ज्याचं उत्तर पटेल त्याला मे महिन्यात एक पेटी, माझ्या बागेतली.

---

रापण | रात्री ९:१६

पेटी चार डझनाची की पाच?

---

चाकरमानी_डोंबिवली | रात्री ९:३१

सोप्पं आहे बापू. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डालाच डकवलेला असतो, तो जन्मात बदलता येत नाही. रॅम बदलता येते. म्हणून जे बदलता येत नाही ते मोठं घ्या आणि जे बदलता येतं ते नंतर बघा. आय सेव्हन घ्या, दोनेक महिन्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबी रॅमची एक काडी आणून टाका, १६ झाली. मी माझ्या भावाला असंच करून दिलं होतं, पाच वर्षं झाली, मस्त चालू आहे.

---

डिस्मिसवाला | रात्री १०:०५

@चाकरमानी, पाच वर्षांपूर्वी हेच मी पण लोकांना सांगायचो. आता सांगत नाही, का ते सांगतो, जरा लांबेल.

मी सावंतवाडीत रिपेअरिंग करतो, दिवसाला चारपाच लॅपटॉपांची पाठ उघडतो. हल्ली जे पातळ, हलके लॅपटॉप येतात त्यातल्या पुष्कळ जणांची रॅम पण बोर्डालाच सोल्डर केलेली असते. पाठ उघडली की काडी नाही, स्लॉट नाही, नुसत्या काळ्या चिपा ओळीने बसलेल्या. गिऱ्हाईक ८ ची १६ करायला येतं आणि मी त्याला पाठ परत बंद करून देतो, पैसे पण घेत नाही, त्याचं तोंड बघवत नाही. तेव्हा बापू, पहिला प्रश्न आय सेव्हन की फाइव्ह हा नाहीच. पहिला प्रश्न हा की त्या आय सेव्हनवाल्याची रॅम सुटी आहे की सोल्डर. दुकानदाराचं ‘कधीही टाकता येते’ ऐकून घेऊ नका, डोळ्यांनी बघा. कसं ते खाली सांगतो.

दुसरं, आय सेव्हन ह्या शब्दाला भुलू नका. आय७-१३५५यू मध्ये १० कोअर आहेत (म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात), २ मोठे आणि ८ छोटे, १२ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). आता नुसत्या तुलनेला आय५-१३३५यू बघा, तुमच्या यादीत नाही तो, २ मोठे आणि ८ छोटे, १२ थ्रेड, कॅश (प्रोसेसरच्या पोटातली छोटी मेमरी) पण तीच १२ एमबी. फरक काय, तर आय सेव्हन ५ गिगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो आणि आय फाइव्ह ४.६ पर्यंत, आणि ग्राफिक्स थोडं बरं. तेवढ्यासाठी सात आकडा लावलाय.

तुमच्या यादीतला आय फाइव्ह मात्र शेवटी ‘एच’वाला आहे. १३४२०एच. त्याचे कोअर ८ च, पण ४ मोठे आणि ४ छोटे. मोठे कोअर म्हणजे खरं कष्टाचं काम करणारे, छोटे म्हणजे बारीकसारीक कामं उरकणारे. आणि यू म्हणजे १५ वॉटवर चालायला बनवलेला, एच म्हणजे ४५ वॉटवर. त्यामुळे सगळे कोअर कामाला लागतात अशा जड कामात, म्हणजे कोड कंपाइल करणं वगैरे, हा आय फाइव्ह त्या आय सेव्हनला मागे टाकेल.

रॅम बघायची युक्ती: दुकानातला लॅपटॉप चालू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप तिन्ही एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. उजवीकडे खाली ‘फॉर्म फॅक्टर’ लिहिलेलं असतं. तिथे ‘सोडिम’ असेल तर काडी आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर सोल्डर. त्याच्याच वर किती स्लॉट भरलेत ते पण दिसतं, पण सोल्डरवाल्यांत तो आकडा फसवतो, म्हणून फॉर्म फॅक्टर बघा.

---

रापण | रात्री १०:०९

पेटी गेली. झोपतंय मी.

---

सोलकढी | रात्री १०:४०

मालवणची, सध्या पुण्यात नोकरी. काका तुमच्या मुलीच्या जागी मी पाच वर्षांपूर्वी होते म्हणून लिहिते.

माझा ८ जीबीचा होता, सोल्डर. पहिलं वर्ष काही वाटलं नाही, सी प्रोग्रॅमिंगला रॅम लागतेच किती. मग अँड्रॉइड स्टुडिओ आलं. ते उघडलं, त्याच्यात एमुलेटर चालू केला म्हणजे स्क्रीनवर खोटा मोबाइल, आणि बाजूला क्रोममध्ये उत्तर शोधायला दहा टॅब, झालं. लॅपटॉप बंद पडत नाही हो, बंद पडला तर बरं, तो नुसता विचार करत बसतो. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान एसएसडीवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं, एसएसडी कितीही फास्ट असली तरी ती रॅमच्या कुठे जवळपास नाही. शेवटी एमुलेटर सोडून माझ्या खऱ्या मोबाइलला केबल लावून प्रोजेक्ट पुरा केला. एमुलेटरसकट वापरायचं तर गूगलच कमीत कमी १६ जीबी सांगतं. कमीत कमी बरं का.

आणि ८ म्हणजे ८ पण हातात येत नाहीत, ग्राफिक्स कार्ड वेगळं नसलं की ते पण ह्याच रॅममधून वाटा घेतं, आणि विंडोज ११ नुसतं चालू होऊन बसलं तरी त्याचे तीनचार जातात.

---

मास्तर_निवृत्त | १३ जानेवारी, सकाळी ६:२०

मी जरा वेगळं बोलतो. माझ्याकडे आय थ्री बारावी जनरेशन आणि ८ जीबी आहे. वृत्तपत्रं वाचतो, नातवंडांशी व्हिडिओ कॉल करतो, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये केली आहे साडेतीन हजार नावांची, कधी अडलं नाही. तुम्ही मंडळी प्रत्येकाला १६ जीबी घ्यायला लावता. बापूंचा हिशोब आणि टॅली ह्याला काय लागतं? आमच्या वेळी अख्ख्या शाळेचा निकाल एका संगणकावर व्हायचा.

---

सोलकढी | सकाळी ८:०२

@मास्तर, तुमचं बरोबरच आहे सर, बापूकाका एकटे असते तर ८ पुरलेच असते. पण लॅपटॉप काय काका वापरणार नाहीयेत, काका फक्त पैसे देणार आहेत 😀

---

देवगडचो_बापू | सकाळी ८:१५

हे मात्र खरं बोललीस.

---

चाकरमानी_डोंबिवली | सकाळी ९:५०

@डिस्मिसवाला, सोल्डरचा मुद्दा मान्य. पण मग दुसऱ्या बाजूने बघू, सुटी रॅमवाला एखादा ८ चा बघून दिला तर? ५० च्या आत बसेल आणि वर काडी टाकली तरी ५५ च्या खालीच. कंपनीवाले रॅमचे नेहमी जास्त लावतात हे तर जगजाहीर आहे.

---

डिस्मिसवाला | सकाळी १०:३०

दादा तुम्ही शेवटची काडी कधी घेतलीत?

गेल्या वर्षी ह्याच दिवसांत मी ८ ची डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी, आताची डीडीआर५) काडी दीड हजाराच्या आसपास घेऊन बसवत होतो. आज मला स्वतःला घाऊकमध्ये त्याच्या तिपटीने सांगतात, आणि उद्याचा भाव उद्या विचारा म्हणतात. डीडीआर५ चं तर बोलूच नका. कारण काय, तर ते एआयचे मोठमोठे डेटा सेंटर उभे राहतायत, त्यांना मेमरी लागते डोंगराएवढी आणि ते मागाल ती किंमत देतात, मग चिप बनवणारे आपल्याकडे कशाला बघतील. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं की क्रुशियल नावाने जो किरकोळ माल विकतात तो धंदाच बंद करणार. क्रुशियलच्या काड्या मी इतकी वर्षं डोळे झाकून लावत आलो.

म्हणून ‘आता ८ घ्या, नंतर टाका’ हा सल्ला निदान ह्या साली उलटा पडतोय. दुकानात जुन्या भावात भरलेला १६ वाला माल शेल्फावर असेल तर तो आज स्वस्तच म्हणायचा. नवीन माल येईल तो नवीन भावाने येईल.

आणि कोणी दिली तरी आधी बघून घ्या, डीडीआर४ ची काडी डीडीआर५ च्या स्लॉटात जात नाही, खाच वेगळ्या जागी असते. परवा एकाने जोर लावून बसवायचा प्रयत्न केला होता. तो लॅपटॉप माझ्याकडेच आहे.

---

चाकरमानी_डोंबिवली | सकाळी १०:४४

तिप्पट?? थांबा, विचारून सांगतो.

---

नारळीपोफळी | दुपारी १:१५

गुहागरहून. आमचं घरगुती न्याहारी निवास आहे, बुकिंग, जीएसटी, पाहुण्यांचे आधार स्कॅन सगळं एका लॅपटॉपवर.

सगळे कोअर आणि जीबी बोलताय, लाईटचं कोणीच बोलत नाही. तुम्ही पुण्यामुंबईत बसून एच घ्या म्हणता भाऊ, पण पावसाळ्यात आमच्याकडे एक झाड तारेवर पडलं की दोन दोन दिवस काळोख. २०२० ला निसर्ग वादळ झालं तेव्हाचं तर सोडूनच द्या. माझ्या भाच्याचा एचवाला गेमिंग लॅपटॉप लाईट गेल्यावर दीड तासात मान टाकतो. माझा साधा यूवाला पाचसहा तास काढतो, आणि मुख्य म्हणजे टाइप-सी ने चार्ज होतो, त्यामुळे इन्व्हर्टर संपला तरी मोठ्या पॉवर बँकवर आणि गाडीतल्या चार्जरवर पण चालवते मी. ती जाड पिनवाली विटेएवढी चार्जर असेल तर तुमची सुटका नाही. तेव्हा बापूभाऊ, टाइप-सी ने चार्ज होतो का हे विचारा, आणि पॉवर बँक ६५ वॉटची लागते, मोबाइलची चालत नाही.

---

डिस्मिसवाला | दुपारी १:४०

@नारळीपोफळी ताई मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि मी सावंतवाडीतच बसलोय हो, पुण्यात नाही 🙏 फक्त एवढंच की भाच्याच्या लॅपटॉपात वेगळं ग्राफिक्स कार्ड असणार, बॅटरी ते खातं. ग्राफिक्स कार्ड नसलेला एच नुसत्या टायपिंगला, टॅलीला इतका खात नाही, तो जड काम लागलं की खातो. तरी यूइतका टिकणार नाही हे खरंच.

---

कातळ_आणि_कॅमेरा | दुपारी ३:२०

रत्नागिरी. थोडे पैसे साठवून मॅकबुक एअर घ्या आणि दहा वर्षं विसरा. माझा एम१ (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) आहे, २०२० च्या शेवटी आलेला, ८ जीबी, सड्यावर कातळशिल्पांचे ड्रोनचे फोटो काढून त्याच्यावरच जोडतो. पंखा नाही, आवाज नाही, बॅटरी दिवसभर. मॅकचे ८ म्हणजे विंडोजचे १६.

---

सोलकढी | दुपारी ३:४५

मॅकचे ८ म्हणजे विंडोजचे १६ असते तर ॲपलने ऑक्टोबर २०२४ ला एअरचे ८ काढून १६ कशाला केले असते? तुमचा एम१ छान आहे, मी पण वापरलाय, पण ८ ते ८ च. आणि काकांचं टॅली त्याच्यावर सरळ चालत नाही.

---

कातळ_आणि_कॅमेरा | दुपारी ४:०१

बरं बाई, हरलो. पण पंखा नाही हे खरं.

---

दाखले_मिळतील | संध्याकाळी ५:३०

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. विषय निघालाय तर माझी चूक सांगून ठेवतो, दुसऱ्याची होऊ नये. गेल्या वर्षी बॅटरी बघून एक लॅपटॉप घेतला, इंटेल नाही, एएमडी नाही, मोबाइलमध्ये असतो तसा एआरएम जातीचा प्रोसेसर. बॅटरी खरंच अफाट, १६ जीबी रॅम, सगळं मख्खन. केंद्रावर आणून अंगठ्याचं मशीन लावलं तर ड्रायव्हरच घेईना. डिजिटल सहीचा टोकन, तोच प्रकार. साधी सॉफ्टवेअरं त्याच्यावर चालतात, पण असल्या यंत्रांचे ड्रायव्हर एआरएमसाठी वेगळे लिहिलेले लागतात आणि माझ्या ह्या जुन्या यंत्रांसाठी ते कोणी लिहिलेलेच नाहीत. मी आधी बघायला हवं होतं. आता तो लॅपटॉप बायको सिरियल बघायला वापरते आणि केंद्रावर परत जुना आय थ्री.

बापू, जीएसटीला तुम्ही डिजिटल सहीचा टोकन लावत असाल तर तेवढं ध्यानात ठेवा. तुमच्या यादीतल्या तिघांना हा त्रास नाही.

---

वाशिष्ठीकाठ | संध्याकाळी ७:१०

प्रोसेसर कुठलाही घ्या, पण बॅकअप घरात एकाच मजल्यावर ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी आलं तेव्हा माझा कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि दोघांचा बॅकअप असलेली हार्ड डिस्क तिन्ही तळमजल्यावर एकाच टेबलावर होती. टेबल पण गेलं.

---

रापण | संध्याकाळी ७:३०

आमच्या लॅपटॉपात मुंग्यांनी घर केल्यानी. पंखो फिरलो की अंडी भायर. कुठल्या जनरेशनात मुंग्यो येयत नाय?

---

डिस्मिसवाला | संध्याकाळी ७:४८

हसताय, पण माझ्या कामातला मोठा भाग हाच आहे. मुंग्या, पालीची अंडी, आणि खारी हवा. किनाऱ्याजवळचे लॅपटॉप उघडले की स्क्रूवर गंज आणि रॅमच्या पिना हिरव्या. पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसून काडी परत बसवली की बंद पडलेली मशीन चालू होतात, गिऱ्हाईकाला वाटतं मोठी विद्या आहे. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा, कपाटात महिनाभर बंद करून ठेवलेलाच आधी जातो.

आणि वळवाच्या दिवसांत गडगडायला लागलं की चार्जर आणि राउटर दोन्ही प्लगमधून काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही.

---

माजघरातला_राउटर | रात्री ८:३०

तिसऱ्या पर्यायाबद्दल, रायझन ५ ७५२०यू, कोणीच बोललं नाही म्हणून.

रायझन ७००० च्या नावात तिसरा आकडा बघायचा. तो २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ ची. ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २. म्हणजे नाव सात हजारातलं, डिझाइन जुनं, ४ कोअर ८ थ्रेड, ग्राफिक्स पण अगदी बेताचं. ७५३०यू असता तर ६ कोअर आणि झेन ३, आकड्यात फरक फक्त दहाचा. आणि ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ जातीची रॅम घेतो, ती जवळपास नेहमी सोल्डरच असते, पण १६ आधीच असल्यामुळे इथे त्याने फार बिघडत नाही.

वाईट नाही हं. बापूंच्या हिशोबाला आणि साध्या जावाला ४३ मध्ये १६ जीबी चांगलाच सौदा. फक्त ‘रायझन फाइव्ह’ ऐकून मोठ्या रायझन फाइव्हच्या अपेक्षेने घेऊ नका.

अजून एक बारीक गोष्ट, १६ जीबी एका काडीत आहे की ८+८? दोन काड्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी मेमरीशी बोलतो, ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. इंटेलच्या काही प्रोसेसरांत एकच वाट मिळाली तर ग्राफिक्सचं आयरिस एक्सई हे नावसुद्धा दिसत नाही, यूएचडी हे साधं नाव दिसतं, चिप तीच. १३४२०एच ला मुळात यूएचडीच आहे त्यामुळे बापूंना घाबरायचं कारण नाही. कोणी म्हणेल डीडीआर५ च्या एका काडीतच दोन वाटा असतात, तर त्या ३२-३२ बिटच्या अर्ध्या वाटा आहेत, एकूण रुंदी ६४ च.

---

देवगडचो_बापू | रात्री ९:२०

म्हणजे हे आमच्यासारखंच झालं की हो. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरायचा, वर पेंढा तोच, पेपर तोच, आणि छापायचं हापूस. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं २०१८ ला तरी मार्केटात हे चालूच आहे. पेटीवर काय छापलंय त्यापेक्षा आत हात घालून वास घ्यायचा हे मी गिऱ्हाइकाला वीस वर्षं सांगतोय आणि स्वतः मात्र दुकानात जाऊन सात आकडा बघून आलो.

शनिवारी परत कुडाळला जातोय. ते तीन बटणांचं लिहून घेतलंय.

---

चाकरमानी_डोंबिवली | रात्री ९:४१

लॅमिंग्टन रोडला फोन केला. तिप्पट नाही सांगितलं. त्याहून जास्त सांगितलं. माझा वरचा सल्ला मागे घेतो.

---

रापण | रात्री १०:००

शनिवारी जातास तर गाराणा घालून जावा.

बा देवा म्हाराजा! बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या देवगडच्या लेकरान तुझ्या पायाशी नवीन लॅपटॉपाचो नारळ ठेवल्यान हा. त्येका सोळा जीबी गावांदे, एक स्लॉट रिकामो ऱ्हवांदे, दुकानदाराक खरा बोलाची बुद्धी होवंदे. जी काय इडापीडा, व्हायरस, मुंग्यो, लोडशेडिंग आसात ती साता समुद्रापलीकडे जावंदे. आणि लेकराच्या बागेक तुडतुडो लागलो हा, तो दुसऱ्याच्या बागेत नको, पण खयतरी जावंदे रे म्हाराजा!

---

सोलकढी | रात्री १०:०२

व्हय म्हाराजा!

---

दाखले_मिळतील | रात्री १०:०४

व्हय म्हाराजा! आणि सर्व्हर पण चालू ऱ्हवांदे.

---

मास्तर_निवृत्त | १४ जानेवारी, सकाळी ६:१५

संक्रांतीच्या शुभेच्छा सर्वांना. तीन बटणं मी पण दाबून पाहिली. माझ्या ८ पैकी ६.१ वापरात आहेत, नुसता हा धागा उघडलेला असताना. मी काही बोलत नाही.

---

माजघरातला_राउटर | सकाळी ९:१०

तीळगूळ घ्या सर 😀 बापू, जुना लॅपटॉप फेकू नका. त्या जनरेशनच्या बऱ्याच आय थ्रींत रॅमला स्लॉट असतो. हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी घातलीत तरी चहा गाळायच्या आत चालू होईल. विंडोज १० ची सुरक्षा अपडेटं नोंदणी केलीत तर ह्या ऑक्टोबरपर्यंत मिळतायत, तोवर हिशोब त्याच्यावर चालवा, पुढचं पुढे, नाहीतर लिनक्स टाकून फक्त व्हॉट्सॲपला ठेवा. म्हणजे सीझनमध्ये एका मशीनसाठी बापलेकीत भांडण नको.

---

देवगडचो_बापू | १७ जानेवारी, रात्री ८:४५

आलो जाऊन. सविस्तर सांगतो.

दुकानात गेलो, म्हटलं आय सेव्हन चालू करा. केला. तीन बटणं दाबली. दुकानदार बघतच राहिला, त्याला वाटलं हे आंबेवाले काका काय करतायत. मेमरीत गेलो, ‘रो ऑफ चिप्स’. म्हटलं ह्याच्यात रॅम कधीही टाकता येते ना? तो म्हणाला थांबा मालकांना विचारतो. मालक आले, त्यांनी मॉडेल नंबर बघितला आणि म्हणाले नाही काका, ह्याच्यात नाही टाकता येणार, पोरगा नवीन आहे. पोरगा परवा तर नवीन वाटला नव्हता.

मग एचवाला आय फाइव्ह. सोडिम, दोनपैकी एक स्लॉट भरलेला, एकच १६ ची काडी, दुसरा रिकामा. टाइप-सी ने चार्ज होतो, चार्जर काढून त्यांच्याच ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर लावून बघितला, नारळीपोफळी ताईंचे आभार. भाव विचारला तर म्हणे काका जुना स्टॉक आहे म्हणून ६०, नवीन येईल तो वाढून येईल. इथे डिस्मिसवाल्यांची आठवण झाली. घासाघीस करून ५९ आणि वर बॅग. बजेट ५५ होतं ते मोहोराच्या नावाने ५९ झालं, एक फवारणी पुढे ढकलली, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

४३ वाला मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण लेकीला अजून दीड वर्ष कॉलेज आणि पुढे नोकरी बघायची, हा पाच वर्षं चालला पाहिजे.

पेटी डिस्मिसवाल्यांची. पत्ता खाजगीत कळवा.

---

डिस्मिसवाला | रात्री ९:०२

पेटी नको बापू, खरंच. चार आंबे चालतील. त्या रिकाम्या स्लॉटावरची पट्टी मात्र काढू नका, मुंग्या आत जायला तेवढीच जागा बघत असतात.

---

रापण | रात्री ९:०५

त्यांका नको तर माका चलात. पाच डझनाची.

---

नारळीपोफळी | रात्री ९:३०

अभिनंदन! आणि फवारणीचं बायकोला आधी सांगा, लॅपटॉपचं नंतर.

---

देवगडचो_बापू | १८ जानेवारी, सकाळी ११:२०

नमस्कार, मी बापूंची मुलगी, बाबांच्या आयडीवरून लिहितेय. सगळ्यांना थँक्यू, १६ जीबी मिळाले. पण कालपासून बाबा टास्क मॅनेजर उघडून बसलेत, कुठलं ॲप किती रॅम खातं ते वहीत लिहून काढतायत आणि आईला बोलावून दाखवतायत. मला अजून हात लावायला मिळालेला नाही. अँड्रॉइड स्टुडिओ टाकायचंय, उद्या प्रॅक्टिकल आहे, त्यांना कोणीतरी इथूनच सांगा ना प्लीज.